लेखी आणि सहीनिशी

नागाव, ता. अलिबाग
१५ जून २०२४

विनिताताई,

नमस्कार. पाया पडते असं लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला लिहा.

हा पहिला अहवाल. फोनवर बोललेलं हवेत जातं, दर महिन्याला लेखी दे, सहीनिशी दे, मी फाइल करणार आहे, असं तुम्ही मे महिन्यात सगळ्यांच्या देखत बजावलंत. सलिल बोटीवरून व्हिडिओवर होता, त्यानं मान डोलावली. तुमच्यासमोर माझा नवरा, तुमचा हा धाकटा भाऊ, चाळिशीतही पाचवीतलाच असतो. ठरलं ते असं: इरा एक वर्ष घरी शिकणार. मार्चमध्ये तुम्ही स्वतः येऊन तिचा पेपर घेणार. नापास झाली तर जूनपासून पनवेलला तुमच्या शाळेच्या वसतिगृहात. पास झाली तर ती इथेच राहणार, माझ्याजवळ.

"बी.कॉम. नापास आई काय शिकवणार?" हेही तुम्ही त्याच बैठकीत म्हणालात. मी फाइल करत नाही, पण माझ्या लक्षात राहतं.

तर या महिन्यात इरा काय शिकली? झोपायला शिकली. तुमच्या घरी राहून तुमच्याच शाळेत एक वर्ष काढलेली माझी मुलगी एप्रिलमध्ये परत आली ती झोपेत दचकणारी. आकडा समोर आला की ओठ घट्ट मिटायची. अनुसूयाआत्यांनी साधं विचारलं, किती पोळ्या वाढू गं, तर तिनं बोटं दाखवली. तोंडानं "दोन" म्हणायला तिला एकवीस दिवस लागले. मी मोजले आहेत.

सातचा पाढा चुकला म्हणून तिच्या गळ्यात पाटी अडकवून तुम्ही तिला जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात उभं केलंत. पाटीवर काय लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही, अक्षर तुमचंच होतं. मुख्याध्यापिकेच्या भाचीलाही सूट नाही, हे तुम्हाला शाळेला दाखवायचं होतं. दाखवलंत. आता मी तुम्हाला दाखवते. दर महिन्याला, लेखी.

कळावे,
आश्लेषा

२० ऑगस्ट २०२४

विनिताताई,

तुमची पोच आली. "अहवाल मिळाला. जागेवर ठेवला आहे." सात शब्दही नाहीत. चालेल.

इराचा गणिताचा वर्ग आता स्वयंपाकघरात भरतो आणि बाई आहेत अनुसूयाआत्या. होय, तुमच्याच आत्या, ज्यांना तुम्ही "चौथी शिकलेल्या" म्हणून आमच्या लग्नात पाहुण्यांची यादीसुद्धा लिहू दिली नव्हती. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ आहेत. नारळ खवताना विळीच्या तालावर म्हणतात. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. इरा शेजारी खोबरं खात बसायची. आत्यांनी तिला म्हण म्हणून सांगितलं नाही. एकदा सुद्धा नाही. एके दिवशी आत्या "सहा पाऊण" म्हणून मुद्दाम थांबल्या आणि विळीवरचा खव झटकत राहिल्या, तर पलीकडून आवाज आला, "साडेचार."

मी चुलीपाशी होते. मी वळले नाही, कारण वळले असते तर रडले असते आणि तिचं लक्ष गेलं असतं. आत्या म्हणाल्या, "हं, पुढे," आणि पुढे चालू झालं.

मोदकांना सारण किती लागेल हे आता तीच काढते. पाव वाटी गूळ वाढवला तर खोबरं किती वाढवायचं, तेही. चुकली की मोदक फुटतो, तो आम्ही खातो. पाटी कोणाच्या गळ्यात जात नाही.

तुमच्या शाळेची फी, गणवेश आणि तीन मजले मिळून वर्षभरात जे जमलं नाही, ते एका विळीनं दोन महिन्यांत केलं. हे वाक्य फाइलमध्ये लाल शाईनं अधोरेखित करून ठेवा.

आश्लेषा

२५ नोव्हेंबर २०२४

विनिताताई,

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. बाबांनी भाऊबीजेला ओटीवर ओवाळणीचा पाट मांडून ठेवला होता. सलिल समुद्रात आणि तुम्ही पनवेलला, त्यामुळे पाटावर शेवटी मांजर बसलं. बाबांची दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया राहिली आहे. इरा त्यांना रोज पेपर वाचून दाखवते, अग्रलेखासकट, आणि जिथे बाबा "हा गाढव आहे" म्हणतात तिथे ती पेन्सिलीनं फुली मारते. वाचन सुधारलं आहे. मतंही.

या महिन्याचा विषय भरती-ओहोटी, गुरुजी तुमचे वडील मार्तंडराव. तिथीची पाऊणपट केली की भरती भरण्याची वेळ येते, हे तुम्हाला लहानपणी शिकवलंच असेल. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहाला पूर्ण भरती, सहा तास आधी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. इरा रोज सकाळी वेळ काढते, वहीत लिहिते आणि किनाऱ्यावर जाऊन ताडून बघते. पाढे ज्या मुलीला येत नव्हते ती आता समुद्राची वेळ सांगते, आणि समुद्र तिचं ऐकतो.

एक गंमत लिहिते, नीट वाचा. १८ तारखेला संकष्टी होती. इरानं कॅलेंडरवर "चतुर्थी" बघून चार पाऊण तीन धरलं. पाणी सव्वादोनलाच भरलं. ती रडकुंडीला आली. बाबा हसले आणि म्हणाले, "फसलीस ना? इथे मोठेमोठे फसलेत. संकष्टी चंद्रावर ठरते. चंद्र उगवताना चतुर्थी असली की त्या दिवशी उपास. पण दिवसभर बरेचदा तृतीयाच असते. समुद्राला उपास नसतो, तो तृतीयेचंच भरतो. खाली बारीक अक्षरात तिथी किती वाजता लागते ते आधी बघायचं." समुद्रातल्या खडपावरच्या, त्या काळ्या कातळावरच्या, गणपतीला संकष्टीला जाणारे दरवर्षी याच पाऊण तासानं अडकतात. खडप कोरडं असतं आणि मागची, परतीच्या वाटेवरची घळ गळ्याइतकी भरलेली असते.

इरानं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: संकष्टीला बारीक अक्षर वाचा. तुम्हीही लिहून ठेवा, माहेरी कधी आलात तर उपयोगी पडेल.

आश्लेषा

२८ जानेवारी २०२५

विनिताताई,

इंग्रजीबद्दल विचारलंत. माझा चुलतभाऊ श्रेयस तुम्हाला आठवतो का? मांडव्याला जेट्टीवर कामाला आहे, तुम्ही त्याला "तो बोटीवाला" म्हणता. दर शनिवारी तो इराला बरोबर नेतो. मुंबईच्या बोटीतून उतरणाऱ्या माणसांना रिक्षा कुठे, बस कुठे, नागावचा फाटा कुठला, हे ती इंग्रजीत सांगते. पहिल्या शनिवारी श्रेयसच्या पाठीमागे उभी होती. गेल्या शनिवारी तिनं एका गोऱ्या जोडप्याला भरतीची वेळ सांगितली आणि वर "बी केअरफुल" म्हणाली. श्रेयसनं मला फोन करून सांगितलं, त्याचा आवाज भरून आला होता. आम्हा अडाण्यांना असं होतं.

सुपारी सोलायला येणारा काळूराम परवा म्हणाला, "वयनी, पोर बोलाया लागली व्हय? आता थांबाची न्हाय." थांबणार नाही, ताई.

तुमचं पत्र मिळालं. सोमवार, १७ मार्च, सकाळी नऊ ते बारा, बारा प्रश्न, मध्ये जागेवरून उठली तर पेपर रद्द. ठीक आहे. या. मी वाट बघते आहे. इतकी वाट मी माझ्या लग्नाची पाहिली नव्हती.

आश्लेषा

१९ मार्च २०२५

विनिताताई,

तब्येत कशी आहे? पायाला कालवांच्या कपच्या लागल्या होत्या, त्या जखमा चिघळतात. हळद लावत राहा.

तुम्ही काल न बोलता गेलात, म्हणून झालेली हकिगत अहवाल म्हणून लिहून ठेवते. फाइल अपुरी राहायला नको.

सोमवारी सकाळी बाबा आणि आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे अलिबागला गेले. नऊला तुम्ही इराला पडवीत बसवून पेपर दिलात. मला बजावलंत की तिच्याजवळ जायचं नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. तुमचा संकष्टीचा उपास होता. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभ्या राहिलात आणि म्हणालात, "चतुर्थी. चार पाऊण तीन. म्हणजे नऊला ओहोटी. बारापर्यंत रस्ता मोकळा. खडपावरच्या गणपतीला जाऊन येते, किती वर्षं झाली." पूजेचं तबक घेऊन पावणेदहाला निघालात.

सव्वाअकराच्या सुमारास गावातली मुलं भगवे झेंडे आणि ज्योत घेऊन रस्त्यानं गेली, ढोल वाजवत. इरानं मान वर केली. तिथीप्रमाणे शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला, हे तिला पाठ आहे. मुलं आज निघाली म्हणजे आज तृतीया, मग चतुर्थी कशी? ती कॅलेंडरपाशी गेली, बारीक अक्षर वाचलं आणि पळाली. वाटेत वाडीतून काळूरामला ओढलं. तो नारळाचा दोर आणि ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन घळीत उतरला तेव्हा पाणी त्याच्या छातीला होतं. तुम्ही खडपावर तबक डोक्यावर धरून उभ्या होतात. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे.

इरा जागेवरून उठली. नियमाप्रमाणे पेपर रद्द. बारापैकी सात प्रश्न सुटले आहेत, उत्तरपत्रिका सोबत जोडली आहे. सात बरोबर आहेत, तपासून घ्या. पण नियम म्हणजे नियम, तुमच्या भाचीलाही सूट नाही. वसतिगृहात गादी कुठली आणायची ते कळवा. तुमचा जीव वाचवल्याबद्दल तिला कोणती पाटी घालायची, तेही कळवा.

माझ्या हातात काही नव्हतं. तुम्ही मला गप्प बसायला सांगितलं होतंत, आणि मला तिथीतलं काय कळतं?

आश्लेषा

५ एप्रिल २०२५

विनिताताई,

तुमचं पत्र आलं. चार पानी. वर "प्रिय आश्लेषा" असं लिहिलं आहे. अकरा वर्षांत तुम्ही मला "सलिलची बायको" म्हणत आलात, त्यामुळे पाकीट चुकून आलं की काय असं वाटलं.

तुम्ही सलिलला कळवलंत की इरा दहावीपर्यंत घरीच शिकू दे. मला लिहिलंत की तू लेकीला असं शिकवलंस म्हणून मी आज आहे, तुझे उपकार फिटणार नाहीत. पत्र वाचून मी वाडीत गेले आणि पाटाच्या कडेला बसून पोटभर हसले. मला हवं होतं ते सगळं त्या चार पानांत होतं. ते तसंच ठेवून द्यायचं, एवढंच मला करायचं होतं.

पण इरा पुन्हा गप्प झाली आहे. सतरा तारखेपासून. आत्या "सात पाऊण" म्हणून थांबतात आणि तशाच थांबून राहतात. वहीत भरतीची वेळ नाही. शनिवारी मांडव्याला गेली नाही. मला वाटलं, पाण्याची भीती बसली असेल. गेल्या रविवारी केस विंचरताना मी विचारलं, तर म्हणाली, "आई, मी विनिताआत्या कुठे आहे विचारलं तेव्हा तू 'पेपर लिही' का म्हणालीस?"

हे मागच्या अहवालात नव्हतं. ती नुसती कॅलेंडरपाशी जाऊन पळाली नाही. आधी तिनं मला विचारलं. आणि मी म्हणाले, पेपर लिही.

मला तिथीतलं कळतं. वर्षभर भिंतीच्या अलीकडे भाजी चिरत मी तिचा प्रत्येक धडा ऐकला आहे. तुम्ही "चार पाऊण तीन" म्हणालात तेव्हाच मला कळलं की तुमचं चुकलं आहे. आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं. नोव्हेंबरचं पत्र तुम्ही वाचलंच नव्हतं. बहुतेक एकही वाचलं नव्हतं. सहीनिशी मागितलेलं, मी घासून पुसून लिहिलेलं, माझ्या लेकीचा एकेक शब्द परत आल्याचं, सगळं तुम्ही न उघडता फाइलला लावलंत. मी मनात म्हटलं, जा. लेखी कळवलं आहे. जा.

तुम्ही बुडावं असं मला वाटत नव्हतं. कंबरभर पाण्यात, तबक डोक्यावर, गावच्या पोरांसमोर, एवढंच हवं होतं. तुम्हीही जरा व्हरांड्यात उभ्या राहा, असं. पण पावणेअकरा झाले, अकरा झाले, तरी मी उठले नाही. सव्वाअकराला पाणी घळीत शिरतं हे मला माहीत होतं आणि मी घड्याळाकडे बघत गवार निवडत होते. कंबर कुठे संपते आणि गळा कुठे लागतो, हा विचार मी करत नव्हते. तो विचार माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं केला, आणि त्यासाठी तिनं वर्षभराची मेहनत जागेवर टाकून दिली. तिला वाटत होतं की उठलं की वसतिगृह. तरी उठली.

मी तिला रविवारी सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू सारखी घड्याळाकडे बघत होतीस."  तुमच्या पाटीनंतर ती जशी भिंतीकडे तोंड करून बसायची, तशीच बसली. तिला गप्प करण्यात, ताई, आता आपण दोघी सारख्या आहोत. हे लिहिलं आहे, आणि खाडाखोड करत नाही.

मी विचारलं, मी काय करू म्हणजे तू बोलशील? तिनं सांगितलं, "विनिताआत्याला कळव. फोनवर नको. लेखी दे. सहीनिशी."

म्हणून हे पत्र. हे वाचून तुम्ही सलिलला लिहिलेलं मागे घेऊ शकता, इराला नेऊही शकता. मी अडवायला उभी राहीन, तो भाग वेगळा. मी तुमची माफी मागत नाही. ज्या दिवशी तुम्ही इथे येऊन इरासमोर पाटीबद्दल तोंड उघडाल, त्या दिवशी मीही घड्याळाबद्दल उघडेन. तोवर तुमचा राग मला आहे, तसा माझा तुम्हाला असू दे.

पत्र पाकिटात घालण्याआधी इरानं वाचलं. एक ओळ तिला कमी वाटली, ती लिहायला लावली. १६ एप्रिलला पुन्हा संकष्टी आहे. गणपतीची पूजा अर्धी राहिली आहे, तर या. घरून किती वाजता निघायचं ते इराला विचारा. मला विचारू नका.

आश्लेषा